कोसंबींचे सूत्र

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इतिहासकार उभा राहतो. लेणी, नाणी, खेड्यापाड्यांतील म्हसोबा-म्हातोबा आणि भर्तृहरीची सुभाषिते यांच्या आधारे भारतीय समाजाच्या इतिहासाची नव्याने मांडणी करणारा विद्वान म्हणून तो परिचित आहे. भात, गहू किंवा मका यांची वाढ संगणकाच्या साह्याने अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांनाही कोसंबी हे नाव ठाऊक असते, पण ते एका गणिती सूत्राचे नाव म्हणून. या सूत्राचा कर्ता इतिहासकारही होता, याची त्यांच्यापैकी अनेकांना कल्पना नसते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. बौद्ध धर्माचे व्यासंगी अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. त्यांच्यासमवेत दामोदर १९१८ साली अमेरिकेस गेले आणि पुढे १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी सर्वोच्च सन्मानासह घेऊन बाहेर पडले. बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. तेथील बारा वर्षे त्यांच्या बुद्धीला सर्वाधिक बहर आणणारी ठरली. भूमिती हा त्यांचा मूळ विषय. परंतु जुन्या चांदीच्या नाण्यांची वजने करता करता ते संख्याशास्त्रात शिरले आणि तेथून थेट आनुवंशिकीच्या प्रांतात जाऊन पोहोचले.

त्या काळी आनुवंशिकीत एक प्रश्न रेंगाळत होता. परागकण किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. गुणसूत्रावर दोन जनुके जवळ असतील तर ती क्वचितच वेगळी होतात, दूर असतील तर वारंवार. संततीत ती किती वेळा वेगळी झाली हे मोजले, की त्यांच्यातील अंतराचा अंदाज येतो. गुणसूत्राचा नकाशा याच मोजणीतून आखला जातो. अडचण एवढीच, की दोन जनुकांच्या दरम्यान अदलाबदल दोनदा झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि घडलेली घटना मोजणीत दिसतच नाही. मोठी अंतरे त्यामुळे प्रत्यक्षाहून कमी भरतात. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ साली यावर एक सूत्र दिले होते. मात्र प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र असते, असे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली, की तिच्या लगतच्या भागात दुसरी होण्यास अटकाव होतो. कोसंबींनी हा अटकाव हिशेबात घेतला. अगदी जवळ तो पूर्ण, आणि अंतर वाढेल तसतसा क्रमाने ओसरणारा, अशी साधी कल्पना करून त्यांनी नवे सूत्र मांडले.

फरक उदाहरणाने कळेल. शंभरांपैकी वीस संततींत दोन जनुके वेगळी झालेली आढळली, तर हॉल्डेन यांच्या सूत्रानुसार त्यांच्यातील अंतर २५.५ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्रानुसार २१.२. शेकडो जनुकांच्या साखळीत असे फरक साचत जातात आणि नकाशाची लांबीच बदलून जाते. १९४४ साली लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हा लेख अवघा चार पानांचा होता.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणखी एक पद्धत मांडली होती. अनेक वेड्यावाकड्या वक्ररेषांमधून थोड्याच मूलभूत आकृती निवडून काढायच्या आणि त्यांच्या बेरजेतून प्रत्येक वक्र पुन्हा उभा करायचा, असा तिचा आशय. कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने पुढे गाजलेली पद्धत ती हीच. शेकडो पानांच्या कडा संगणकावर नोंदवून त्यांच्या आकारातील भेद मोजणारे आजचे अभ्यासक याच घराण्यातील गणित वापरतात. भारतीय नियतकालिकात छापलेल्या त्या लेखाकडे तेव्हा पाश्चात्त्य विद्वानांचे फारसे लक्ष गेले नाही.

होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केल्यावर कोसंबी १९४६ मध्ये तेथे रुजू झाले. १९४८-४९ साली युनेस्कोची पाठ्यवृत्ती घेऊन ते अमेरिका व इंग्लंडमध्ये गेले, ते गणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी. घर मात्र पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने घाट उतरून, मुलुंड-घाटकोपर मागे टाकत मुंबई गाठायची आणि सायंकाळी परतायचे, हा त्यांचा परिपाठ झाला.

पुढे संस्थेशी त्यांचे बिनसले. अणुशक्तीपेक्षा सौरऊर्जा देशाला अधिक उपयुक्त, हे मत ते उघडपणे मांडत. शांतता चळवळीतील त्यांचा सहभागही लपलेला नव्हता. त्यात १९५९ साली रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाविषयीचा दावा त्यांनी कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सिद्धतेत दोष होता आणि गणितज्ञांत त्यांची पत घसरली. १९६२ साली त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. संस्थेने स्वतः बांधलेल्या गणकयंत्राला पंतप्रधान नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले तेही त्याच वर्षी. गणकयंत्रांची विद्या शिकण्यासाठी चौदा वर्षांपूर्वी परदेशी गेलेला गणिती तेव्हा संस्थेबाहेर पडत होता. २९ जून १९६६ रोजी पहाटे पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८.

चार पानांच्या त्या सूत्राला खरे काम मिळाले ते त्यानंतर. जनुकांऐवजी डीएनएवरील खुणा मोजता येऊ लागल्या आणि नकाशे हाताने आखणे अशक्य झाले. १९८७ मध्ये ‘मॅपमेकर’ आणि १९९३ मध्ये ‘जॉइनमॅप’ या संगणकप्रणाली आल्या. दोहोंत कोसंबींचे सूत्र हॉल्डेन यांच्या सूत्राबरोबर समाविष्ट आहे. पिकांच्या नकाशांसाठी तर बहुतेक वेळा कोसंबींचेच निवडले जाते. रोपाची उंची, लोंबीची ठेवण, पानाची रुंदी हे गुण गुणसूत्राच्या कोणत्या भागात आहेत हे अशाच नकाशांवर शोधतात. २००३ साली फ्रान्समधील संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले. तापमान, हवेचा कोरडेपणा आणि जमिनीतील ओल यांनुसार मक्याचे पान किती वेगाने लांबेल याचे गणिती प्रारूप त्यांनी रचले आणि प्रारूपातील स्थिरांक थेट जनुकीय नकाशातील जागांशी जोडले. एखाद्या वाणाचा जनुकीय संच ठाऊक असला, की पान कसे वाढेल याचे भाकीत लागवडीआधीच करता येऊ लागले.

मुंबईच्या पूर्व उपनगरांना लागून असलेल्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही हे काम चालते. तेथील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उडदाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. अकरा गटांत ४२८ खुणा आणि एकूण लांबी सुमारे ८६५ सेंटीमॉर्गन, असे त्याचे स्वरूप आहे.