घराघरांत कॅमेरा नेणारा ईस्टमन

रोल धुवायला टाकल्यापासून फोटो हाती पडेपर्यंतची हुरहूर अनुभवलेली पिढी आता मोबाइलवर क्षणात छायाचित्र पाहते. सामान्य माणसाला हा छंद मात्र सहजासहजी लाभलेला नाही. त्यामागे अमेरिकेतील एका बँक कारकुनाची जिद्द आहे. त्यांचे नाव जॉर्ज ईस्टमन.

१२ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल येथे ईस्टमन यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र १८६२ मध्ये हरपले. रॉचेस्टरच्या घरात भाडेकरू ठेवून आईने संसार रेटला. जॉर्ज यांना शाळा अर्धवट सोडून नोकरी धरावी लागली.

विशीत असताना त्यांनी सांतो दोमिंगोच्या सहलीचा बेत आखला आणि त्यासाठी कॅमेरा विकत घेतला. भलामोठा पेटारा, जड तिपाई, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारा तंबू, असा तो सारा पसारा होता. सहल राहून गेली. पण हा पसारा कमी करण्याचा ध्यास मात्र जडला. दिवसा बँकेत हिशेब आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असा क्रम सुरू झाला. १८८० मध्ये त्यांनी कोरड्या काचपट्ट्यांचे उत्पादन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी बँकेला रामराम ठोकला.

लवकरच कसोटीचा प्रसंग आला. दुकानांत गेलेल्या काचपट्ट्या निकामी ठरू लागल्या. ईस्टमन यांनी त्या परत घेऊन स्वखर्चाने बदलून दिल्या. दोष जिलेटिनमध्ये असल्याचे पुढे उमगले. पैसा गेला, पत मात्र राहिली.

१८८८ मध्ये २५ डॉलरचा ‘कोडॅक’ आला. त्यात १०० छायाचित्रे निघत. मग कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा; १० डॉलरमध्ये छापलेली छायाचित्रे आणि नवा रोल भरलेला कॅमेरा घरी परत येई. १९०० मध्ये अवघ्या एका डॉलरचा ‘ब्राउनी’ मुलांच्याही हाती पडला. छायाचित्रणातला आनंद आता स्टुडिओबाहेर, अंगणात आणि सहलीत आला.

या यशाला एक काळी किनारही आहे. पारदर्शक फिल्मसाठी हॅनिबल गुडविन या धर्मगुरूंनी १८८७ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. ते मिळायला १८९८ उजाडले आणि १९०० मध्ये त्यांचे निधन झाले. न्यायालयात हार पत्करून ईस्टमन यांच्या कंपनीला १९१४ मध्ये ५० लाख डॉलर मोजावे लागले. हा न्याय पाहायला गुडविन हयात नव्हते.

अविवाहित ईस्टमन यांनी कमावलेले धन मुक्तहस्ताने वाटले. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेला तर त्यांनी ‘मिस्टर स्मिथ’ या टोपणनावाने देणगी दिली. कामगारांनाही त्यांनी नफ्यात वाटा दिला. अखेरच्या काळात मणक्याच्या दुखण्याने ते जर्जर झाले आणि १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७व्या वर्षी, त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली.

डिजिटल लाटेत २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. डिजिटल कॅमेऱ्याचा आद्य नमुना १९७५ मध्ये याच कंपनीत तयार झाला होता, हा नियतीचा खेळच म्हणायचा. कपाटातल्या अल्बमची पिवळी पडलेली पाने उलटताना मात्र त्या कारकुनाचे ऋण आजही जाणवते.