विश्लेषण : शाळेत मुलांना जेवण देण्याची कल्पना सरकारी योजना कशी झाली? अर्धवट शाळा सोडलेल्या मुख्यमंत्र्याची कहाणी…

दुपारची सुट्टी झाली की राज्यातील हजारो शाळांत ताटल्यांचा आवाज सुरू होतो. खिचडी, वरण-भात, उसळ, शाळेनुसार आणि वारानुसार पदार्थ बदलतो. हे जेवण आता इतके सवयीचे झाले आहे की ते कधी नव्हते, याचाच विसर पडतो. राज्यव्यापी शालेय भोजनाचा पाया स्वतंत्र भारतात घातला तो तत्कालीन मद्रास राज्याचे मुख्यमंत्री के. कामराज यांनी. स्वतः बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडावी लागलेल्या या नेत्याचा प्रवास कसा होता आणि त्यातून आज काय शिकता येते, याविषयी…

कामराज यांची शाळा का सुटली?

कुमारस्वामी कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी आजच्या तमिळनाडूतील विरुधुनगर येथे झाला. कापूस, मिरची, तेल आणि धान्याच्या व्यापारासाठी हे गाव ओळखले जाई. वडिलांचा नारळाचा व्यापार होता. घर नाडर समाजातले. या समाजाला त्या काळी अनेक देवळांचे दरवाजे बंद होते. सरकारी किंवा उच्चवर्णीयांच्या मदतीची वाट न पाहता विरुधुनगरच्या नाडर व्यापाऱ्यांनी मुलांसाठी स्वतःची शाळा उभी केली होती. या शाळेसाठी घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढला जाई आणि त्यातून खर्चाला हातभार लागे. कामराज याच शाळेत शिकले.

ते सहा वर्षांचे असताना वडील गेले. आई शिवकामी यांनी दागिने मोडून घर चालवले. आजी, आई, धाकटी बहीण आणि हा मुलगा एवढ्यांचे पोट भरायचे होते. शाळेत फी नव्हती, पण शिकणारा मुलगा घरात पैसे आणत नाही, हा हिशेब मात्र होता. अखेर कामराज यांची शाळा सुटली आणि ते मामाच्या कापडाच्या दुकानात बसू लागले.

फुकट शाळा असूनही मूल शाळेबाहेर का पडते, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज पुढे कधीच पडली नाही.

दुकानातून राजकारणात कसे आले?

जालियनवाला बागेतील हत्याकांडाची बातमी १९१९ मध्ये देशभर पसरली तेव्हा कामराज सोळाव्या वर्षात होते. दुकानात येणारी वर्तमानपत्रे वाचणे आणि सभांना जाणे हा त्यांचा छंद झाला. राजकारणाचा नाद सुटावा म्हणून नातेवाइकांनी त्यांना दूर तिरुवनंतपुरमला, दुसऱ्या मामाच्या लाकडाच्या वखारीत धाडले. उपयोग झाला नाही. ते परत आले आणि काँग्रेसचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

मिठाच्या सत्याग्रहात १९३० मध्ये त्यांना पहिल्यांदा तुरुंगवास झाला. स्वातंत्र्यापर्यंत वेगवेगळ्या शिक्षा मिळून त्यांची आठ वर्षांहून अधिक काळ कैद झाली. राहिलेले वाचन त्यांनी तुरुंगातच केले. काँग्रेसचे नेते एस. सत्यमूर्ती हे त्यांचे राजकीय गुरू. १९४० मध्ये कामराज तमिळनाडू काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांनी लग्न केले नाही. फर्डे वक्ते ते कधीच नव्हते, पण जिल्ह्याजिल्ह्यातले कार्यकर्ते त्यांना नावानिशी माहीत असत.

मुख्यमंत्री झाल्यावर पहिला पेच कोणता होता?

मद्रास राज्यात त्या वेळी शाळेवरूनच वादळ उठले होते. मुख्यमंत्री सी. राजगोपालाचारी यांनी १९५३ मध्ये ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी पद्धत आणली. मुलांनी रोज तीन तास वर्गात बसायचे आणि उरलेला वेळ घरच्या धंद्याची कामे शिकायची, अशी तिची रचना होती. कमी इमारती आणि कमी शिक्षकांत जास्त मुले शिकतील, हा त्यामागचा एक विचार. मात्र न्हाव्याच्या मुलाने न्हावी आणि कुंभाराच्या मुलाने कुंभारच राहावे, असा या योजनेचा अर्थ विरोधकांनी लावला. पेरियार आणि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली, काँग्रेसमध्येही नाराजी वाढली आणि राजगोपालाचारी पायउतार झाले.

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले. नेतेपदाच्या निवडणुकीत आपल्या विरोधात उभे राहिलेल्या सी. सुब्रमण्यम यांना त्यांनी मंत्रिमंडळात घेतले, शिक्षण आणि अर्थ ही खाती त्यांच्याकडेच ठेवली आणि महिनाभरातच ती वादग्रस्त योजना मागे घेण्यात आली.

पण योजना मागे घेतल्याने मुले आपोआप शाळेत येणार नव्हती. कामराज सरकारने गावोगावी शाळा काढण्याचा धडाका लावला. मुलाला शाळेसाठी फार चालावे लागू नये, हे धोरण ठरले. शिकलेल्या बेरोजगार तरुणांना शिक्षक म्हणून नेमून एकशिक्षकी शाळा सुरू झाल्या. शाळा उघडल्या, शिक्षक आले, फीचा प्रश्नही टप्प्याटप्प्याने सुटू लागला. तरीही अनेक पटांवर नाव होते आणि वर्गात मूल नव्हते.

जेवणाची कल्पना कुठून आली?

तमिळनाडूत एक आठवण आजही सांगितली जाते. दौऱ्यावर असताना रेल्वे फाटकापाशी मुख्यमंत्र्यांची गाडी थांबली. जवळ गुरे राखणारी मुले दिसली. शाळेत का जात नाही, असे कामराज यांनी विचारले तेव्हा एका मुलाने उलट विचारले की शाळेत गेलो तर जेवायला कोण देणार. ही आठवण सांगताना प्रत्येक जण तपशील थोडे बदलतो. त्यातले गणित मात्र खरे होते. गरीब घरात आठ-दहा वर्षांचे मूल गुरे राखून किंवा शेतात राबून किमान स्वतःपुरते खाणे मिळवत असे. त्याला शाळेत पाठवणे म्हणजे घराचा एक घास कमी करणे होते.

कल्पना अगदीच नवी नव्हती. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये, जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने, थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना खाणे देण्यास सुरुवात केली होती. काही शाळांत ती पसरलीही, पण निधीच्या प्रश्नावर अडखळली. शहरातल्या मोजक्या शाळांपुरते हे करणे वेगळे आणि राज्यभर हजारो खेड्यांत रोज चूल पेटवणे वेगळे.

हे काम प्रत्यक्षात उतरवणारा माणूस होता शिक्षण खात्याचे संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू. मुख्यमंत्र्यांची इच्छा आणि खात्याची यंत्रणा यांच्यातला दुवा तेच ठरले. १९५६ मध्ये कवी सुब्रमण्य भारती यांचे जन्मगाव असलेल्या एट्टयपुरममध्ये शालेय भोजनाचा प्रारंभ झाला.

योजना चालत कशी होती?

सुरुवातीला तिजोरीत पैसे नव्हते, म्हणून गावाकडे हात पसरण्यात आला. गावातल्या लोकांनी समित्या केल्या. कुणी तांदूळ दिला, कुणी भाजी, कुणी सरपण, कुणी भांडी. विरुधुनगरच्या शाळेतील मूठभर तांदळाची पद्धतच जणू राज्यभर नेली गेली. फरक इतकाच की तेव्हा त्या तांदळातून शाळा चालत होती, आता तो थेट मुलाच्या ताटात पडत होता.

निव्वळ देणग्यांवर हे टिकणार नाही, हे लवकरच दिसले. १९५७ पासून सरकारने अनुदान सुरू केले. एका जेवणाचा खर्च सुमारे १० पैसे धरला गेला. त्यातील ६ पैसे सरकारने आणि ४ पैसे गावाने द्यायचे, असे ठरले. वर्षातील सुमारे २०० दिवस जेवण मिळे. सगळ्या मुलांना मात्र नाही. गरजू मुले निवडून त्यांना जेवू घातले जाई.

उणिवा होत्या. सुपीक भागातले, दानशूर सावकार असलेले गाव आपला वाटा सहज भरे. कोरडवाहू, गरीब गावाला तोच वाटा जड जाई आणि भुकेली मुले तर तिथेच जास्त होती. १९६१ पासून केअर या अमेरिकी संस्थेकडून दूध भुकटी, मक्याचे पीठ, तेल अशी मदत मिळू लागली आणि योजनेचा पसारा वाढला.

जेवणाबरोबर आणखी एक अडचण समोर आली. धड कपडे नाहीत म्हणून मुले लाजून घरी बसत. १९५८ पासून शिक्षण खात्याने गावोगावी शाळा सुधारणा परिषदा भरवल्या. लोकांनी शाळेला वर्गखोल्या, बाके, पुस्तके, गणवेश असे जमेल ते द्यायचे आणि कुणी काय दिले ते सर्वांसमोर जाहीर व्हायचे. एका पंगतीत आणि एकाच कपड्यांत बसलेल्या मुलांमध्ये कोण कुठल्या घरातला, हे निदान शाळेच्या वेळात तरी पुसट होई. देवळाच्या दारात अडवल्या गेलेल्या समाजातून आलेल्या मुख्यमंत्र्याला याची किंमत ठाऊक होती.

पुढे कामराज यांचे काय झाले?

कामराज यांनी २ ऑक्टोबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपद सोडले. ज्येष्ठ नेत्यांनी सत्तेची पदे सोडून पक्षाचे काम करावे, ही कामराज योजना त्यांनी मांडली आणि आधी स्वतःला लागू केली. पुढे ते काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, त्या दोन्ही वेळी निर्णायक शब्द त्यांचा होता.

मात्र १९६७ मध्ये तमिळनाडूत द्रमुकची लाट आली आणि खुद्द विरुधुनगरमध्ये कामराज सुमारे १,३०० मतांनी पडले. त्यांना हरवणारा पी. श्रीनिवासन हा विशीतला विद्यार्थी नेता होता. ज्या पिढीसाठी त्यांनी शाळा उघडल्या, तिनेच त्यांच्याविरुद्ध मतदान केले. तिला जेवू घातल्याचे उपकार कामराज यांनी कधी मोजून दाखवले नाहीत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी, मुख्यमंत्रिपद सोडल्याला बरोबर १२ वर्षे झाली त्याच दिवशी, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. नऊ वर्षे मुख्यमंत्री राहिलेला हा माणूस भाड्याच्या घरात राहत होता. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस तमिळनाडूत शिक्षण विकास दिन म्हणून पाळला जातो.

योजना देशभर कशी पोहोचली?

तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन सरकारने १ जुलै १९८२ पासून पौष्टिक भोजन योजना मोठ्या प्रमाणावर राबवली आणि खर्चाचा भार सरकारवर घेतला. नंतरच्या सरकारांनी ताटात अंडे आणले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पण बहुतेक राज्यांत मुलांना शिजवलेले जेवण नव्हे तर महिन्याला तीन किलो कोरडे धान्य मिळे. ते घरी जाई आणि सगळ्या कुटुंबात वाटले जाई.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवणच देण्याचा आदेश दिला. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने आणि वर्षातून किमान २०० दिवस, असे प्रमाण ठरले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क झाले. २०२१ पासून योजनेचे नाव पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण असे आहे. तमिळनाडूने २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीचीही सुरुवात केली.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्यास सुरुवात केली. २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची आहेत त्यांनी लोकसहभागातून खर्च भागवावा, असे सांगण्यात आले.

लोकसहभाग वाईट नाही. कामराज यांची योजना त्यानेच सुरू झाली. मात्र तिचा पुढचा प्रवास उलट दिशेने होता. लोकांच्या मुठीपासून सुरुवात झाली, मग सरकारने अर्ध्याहून अधिक वाटा उचलला, नंतरच्या सरकारांनी सगळाच. कारण गावाच्या ऐपतीवर सोडलेले जेवण ज्या गावात सर्वाधिक लागते तिथेच सर्वात आधी बंद पडते. मेळघाट किंवा नंदुरबारच्या पाड्यावरची शाळा वर्गणी काढून किती अंडी आणणार, हा प्रश्न मद्रास राज्याने ६० वर्षांपूर्वीच सोडवून पाहिला आहे.

शाळेच्या ताटात काय असावे, हा आहारतज्ज्ञांचा विषय. त्याचे पैसे कुणी द्यायचे, याचे उत्तर मात्र कापडाच्या दुकानात बसवलेल्या एका मुलाने मोठेपणी देऊन ठेवले आहे.