श्रीगाडगे महाराज आणि काटकसर

आपल्या अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या तीरी ऋणमोचन नावाचे एक लहानसे गाव आहे. पौष महिन्यात तेथे दर रविवारी यात्रा भरते. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. ज्या सत्पुरुषाने वऱ्हाडातील कष्टकरी लोकांस कर्जापासून दूर राहण्याचा मार्ग दाखविला, त्याने आरंभीची पुष्कळ लोकसेवा याच गावी केली, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. तो सत्पुरुष म्हणजे श्रीगाडगे महाराज.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे एका परटाच्या घरी झाला. नाव देबूजी, वडील झिंगराजी व आई सखुबाई. वडिलांस दारूचे व्यसन जडले. त्यापायी घरची शेती गेली, शरीर खंगले, आणि देबूजी लहान असतानाच पितृछत्र हरपले. सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे या गावी माहेरी आल्या. तेथे देबूजीने गुरे राखली व वयात आल्यावर नांगर धरला. शाळेचा उंबरठा त्यास कधीच लाभला नाही.

मामा चंद्रभानजी कष्टाळू होते. परंतु सावकाराच्या देण्यात ते गुरफटले. घरात कोणास कागद वाचता येत नव्हता. देणे वाढतच गेले, व अखेर जमिनीवर सावकाराची दृष्टी वळली. मामांनी त्या दुःखाने अंथरूण धरले, ते पुन्हा उठले नाहीत. जमिनीचा ताबा घेण्यास सावकार आला तेव्हा देबूजीने त्यास धैर्याने विरोध केला. एक घर दारूने बुडाले, दुसरे कर्जाने. हे दोन धडे त्यास कोणत्याही पुस्तकावाचून मिळाले होते.

पुढे देबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या कन्येच्या बारशास ज्ञातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मांसाचे जेवण द्यावयाचे होते. देबूजीने ते न देता पाहुण्यांस साधे गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले; पण त्याने माघार घेतली नाही. चार लोक काय म्हणतील या भीतीने जो खर्च होतो, तोच गरिबाचे घर धुऊन नेतो, हे तो जाणून होता.

१९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात येताच ते प्रथम रस्ते झाडीत, मिळेल ती भाकर खात व रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते श्रोत्यांस साधे प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. कर्ज काढून सण, लग्ने व तेरव्या करू नयेत, दारूस शिवू नये, देवापुढे पशू मारू नयेत, असे ते सांगत. भाकर हातावर घेऊन खावी लागली तरी चालेल, पण मुलांस शाळेत घालण्यास पैसा राखावा, हा त्यांचा आग्रह असे.

काटकसर म्हणजे कृपणता असे कोणी समजेल, तर महाराजांचे चरित्र पाहावे. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी ऋणमोचनास नदीवर घाट, मूर्तिजापुरास गोरक्षण, आणि पंढरपूर, नाशिक, देहू व आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस दिली. एवढा द्रव्यसंचय हातून गेला, तरी स्वतःच्या चैनीसाठी त्यांनी त्यास स्पर्श केला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. आपल्या चांदूर बाजार तालुक्यात नागरवाडी येथे त्यांच्या नावाचा आश्रम आहे. अमरावतीच्या विद्यापीठासही त्यांचेच नाव दिलेले आहे. ज्याने शाळा पाहिली नाही, त्याच्या नावे विद्यापीठ!

विद्यार्थिमित्रहो, बाजाराच्या दिवशी हाती पैसा आला की तो लगेच खर्च करण्याची इच्छा होते. अशा वेळी ही वस्तू आपणास हवी आहे, की शेजाऱ्याने घेतली म्हणून हवी आहे, हा प्रश्न स्वतःस विचारावा. एका लहान वहीत जमा व खर्च रोज लिहावा. आधी शिल्लक बाजूस काढावी, मग उरेल त्यात खर्च भागवावा. पोस्टाची बचत बँक आपल्या देशात १८८२ सालापासून आहे, व दहा वर्षांच्या मुलासही तेथे स्वतःच्या नावे खाते चालविता येते. पालकांनीही मुलांदेखत हिशेब करावा. कारण मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात अधिक. घरातील कागद वाचू शकणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी असती, तर दापुऱ्याच्या त्या घराची कथा कदाचित निराळी झाली असती. आज ती मुले आपल्या घरोघरी आहेत. त्यांनी वाचलेले आणि वाचविलेले दोन्ही घराच्या कामी यावे.