रंगारी कवि विल्यम मॉरिस

वस्त्राची किंमत आपण त्याच्या पोतावरून व रंगावरून करतों. परंतु तो रंग कशापासून काढला, कोणीं चढविला आणि तो चढवितांना कोणाच्या हातांना काय सोसावें लागलें, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत एक असा पुरुष होऊन गेला कीं, कवि म्हणून मोठा लौकिक मिळाला असतांही वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं त्यानें रंगाऱ्याचा सदरा अंगांत चढविला आणि निळीच्या कुंडांत हात घातले. त्याचें नांव विल्यम मॉरिस.

मॉरिसचा जन्म ता. २४ मार्च १८३४ रोजीं लंडनजवळच्या वॉल्थमस्टो गांवीं झाला. बाप पेढीवाला असून डेव्हन परगण्यांतील एका तांब्याच्या खाणींत त्याचे भाग होते. ह्या खाणीमुळें घरांत संपत्ति आली आणि बाप १८४७ सालीं वारला तरी कुटुंबाला कांहीं उणें पडलें नाहीं. लहानपणीं मॉरिसला एपिंगच्या रानांत हिंडण्याचा फार नाद असे. पानें, फुलें व पांखरें ह्यांची जी ओळख तेथें झाली तीच पुढें त्याच्या नक्षींतून प्रकट झाली.

१८५३ सालीं तो ऑक्सफर्डच्या एक्सिटर कॉलेजांत दाखल झाला. धर्मोपदेशक व्हावें असा त्याचा संकल्प होता. तेथें एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र त्याला भेटला व त्याचाही संकल्प तोच होता. १८५५ च्या उन्हाळ्यांत दोघे फ्रान्स देशांतील जुनीं भव्य मंदिरें पाहण्यास गेले. अनामिक पाथरवटांनीं व कांचकाम करणारांनीं केलेलें तें कार्य पाहून दोघांनींही आपला मार्ग बदलला. बर्न-जोन्स चित्रकार झाला आणि मॉरिसनें प्रथम वास्तुशिल्प, मग चित्रकला व शेवटीं कारागिरी पत्करली. १८५९ सालीं त्याचा विवाह जेन बर्डन ह्या एका मोतद्दाराच्या मुलीशीं झाला. नव्या घरासाठीं मनासारखें सामान बाजारांत मिळेना, म्हणून मित्रांनीं मिळून तें स्वतःच केलें. आणि त्यांतूनच १८६१ सालीं त्यांचा कारखाना निघाला. रंगीत कांचा, भिंतीचे कागद, मेजें-खुर्च्या, भरतकाम असें सर्व काम तेथें होऊं लागलें. १८७५ सालीं कारखान्याची सर्व मालकी मॉरिसकडे आली.

आतां त्या काळीं रंगाच्या धंद्यांत काय घडत होतें तें पाहूं. १८५६ सालीं विल्यम पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा एक विद्यार्थी कोयनेल बनविण्याच्या खटपटींत असतां, दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून त्याला अकस्मात् जांभळा रंग सांपडला. त्यामागून असे अनेक रंग निघाले. ते भडक होते, स्वस्त होते व रंगविण्यास सोपे होते. हजारों वर्षें रंगारी झाडांच्या मुळांपासून, सालींपासून व पानांपासून जे रंग काढीत आले होते, ते पंधरावीस वर्षांत मागें पडले. परंतु ह्या पहिल्या नव्या रंगांत एक मोठें वैगुण्य होतें. त्यांतले पुष्कळसे उन्हानें लवकर विटत, आणि विटतांना कुरूप होत. वनस्पतींचे चांगले रंग फिके पडले तरी डोळ्यांना गोड वाटतात, असा मॉरिसचा अनुभव होता. आपल्या कापडाला असाच रंग पाहिजे अशी त्यानें गांठ बांधली. पण तो देणारा रंगारी मिळेना.

तेव्हां स्टॅफर्डशायर परगण्यांतील लीक गांवच्या टॉमस वॉर्डल ह्या रंगाऱ्याकडे तो १८७५ सालीं गेला. वॉर्डल हा साधा माणूस नव्हता. हिंदुस्थानांतील टसर रेशीम व रंगाच्या वनस्पति ह्यांचा त्यानें दीर्घ अभ्यास केला होता, आणि पुढें १८८५-८६ सालीं तो बंगालांतही येऊन गेला. लीकच्या रंगशाळेंत मॉरिस मजुरांबरोबर उभा राहून काम करी. पायांत लाकडी जोडे, अंगांत सदरा आणि कोपरापर्यंत निळे झालेले हात, अशा स्थितींत तो लंडनला परत येई. प्लिनीचा प्राचीन ग्रंथ, जेरार्डचा वनस्पतिकोश व फ्रेंच रंगाऱ्यांचीं जुनीं पुस्तकें तो रात्रीं वाची आणि दिवसा कुंडांत तें वाचलेलें पडताळून पाही. प्रयोग अनेकदां फसत. रंग सारखा न बसलेलें किंवा धुण्यांत उतरणारें कापड तो निःसंकोच परत पाठवी. अशीं जवळजवळ तीन वर्षें गेलीं.

त्याचे मुख्य रंग थोडेच होते. निळ्यासाठीं नीळ, तांबड्यासाठीं मॅडर ह्या वनस्पतीचें मूळ, जी आपल्या मंजिष्ठेच्या जातीचीच आहे, लाल व किरमिजी रंगासाठीं कोचिनील व किरमीज हे किडे, पिवळ्यासाठीं वेल्ड नांवाचें रोपटें, आणि उदी रंगासाठीं अक्रोड. ह्यांतले बहुतेक रंग कापडावर आपण होऊन धरत नाहींत. त्यासाठीं कापड आधीं तुरटीसारख्या खाराच्या पाण्यांत भिजवावें लागतें. निळीची गोष्ट मात्र निराळी आहे. ती पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून चुना, कोंडा इत्यादि घालून कुंड आंबवितात. तसें केल्यावर कुंडांतील द्रव हिरवट-पिवळा होतो. सुताची लडी त्यांत बुडवून बाहेर काढली म्हणजे ती प्रथम हिरवी दिसते, आणि वारा लागतांच पाहतां पाहतां निळी होते. कुंड नीट आंबलें कीं नाहीं हें डोळ्यांनीं व नाकानें ओळखावें लागतें. तें केवळ पुस्तकानें साधत नाहीं.

१८८१ सालीं मॉरिसनें लंडनच्या दक्षिणेस मर्टन ॲबी येथें वँडल नदीच्या कांठीं एक जुना छपाईचा कारखाना घेतला. नदीचें पाणी रंगकामास उत्तम होतें. तेथें जमिनींत खोल निळीचीं कुंडें बांधलीं, कापडें नदींत धुतलीं जात व हिरवळीवर उन्हांत पसरलीं जात. येथेंच १८८३ सालीं त्याची सर्वांत प्रसिद्ध छीट निघाली. केल्म्स्कॉट येथील त्याच्या बागेंत साळुंकीएवढीं पांखरें स्ट्रॉबेरीचीं फळें चोरून नेत. तेंच दृश्य त्यानें नक्षींत आणिलें. सबंध कापड आधीं निळीनें रंगवावयाचें, मग नक्षीपुरती नीळ विरंजक द्रव्यानें काढावयाची, त्यानंतर ठशांनीं तांबडा व पिवळा रंग भरावयाचा, असा त्याचा क्रम होता. निळ्यावर पिवळा पडला कीं हिरवीं पानें उमटत. ह्या कामास कित्येक दिवस लागत व त्यामुळें तें कापड फार महाग पडे.

येथेंच मॉरिसच्या जीवितांतील मोठा पेंच होता. सुंदर वस्तु सर्वांना मिळाव्या असें तो सांगे. पण त्याच्या वस्तु श्रीमंतच विकत घेत. ही विसंगति त्याला स्वतःला बोंचत होती. १८८३ पासून तो मजुरांच्या चळवळींत शिरला, चौकाचौकांत उभा राहून बोलूं लागला, आणि त्या कार्यासाठीं त्यानें पैसा व प्रकृति दोन्ही खर्चिलीं. हस्तकलेवरील त्याचें प्रेम स्वदेशापुरतें नव्हतें. १८७९ सालीं बर्मिंगहॅम येथील व्याख्यानांत, इंग्रजी व्यापार हिंदुस्थानच्या कारागिरांच्या कलेचा नाश करीत आहे, असें त्यानें आपल्या देशबांधवांना स्पष्ट सांगितलें.

तथापि थोर पुरुषाचे दोष झांकून ठेवणें हें चरित्रलेखकाचें काम नव्हे. ज्या खाणीवर मॉरिसचें घर उभें राहिलें, त्या खाणींतून पुढें सोमलही मोठ्या प्रमाणावर निघूं लागला. मॉरिस १८७१ पासून कांहीं वर्षें तिचा एक संचालक होता. त्याच्या पहिल्या भिंतीच्या कागदांतील हिरव्या रंगांत सोमल होता, हें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षेनें दाखविलें. अशा कागदांनीं माणसें आजारी पडतात असें डॉक्टर सांगत असतां मॉरिसनें त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेलें. दुसरी गोष्ट निळीची. त्या काळीं इंग्लंडांतील बहुतेक नीळ हिंदुस्थानांतून जाई. तिच्यासाठीं बंगालच्या रयतेवर जुलूम होत असे व १८५९ सालीं ती रयत मळेवाल्यांविरुद्ध उठली. पुढें १९१७ सालीं चंपारणांत महात्मा गांधींना ह्याच पिकासाठीं लढावें लागलें. म्हणजे रंग झाडाचा आहे एवढ्यानें तो निर्दोष ठरत नाहीं. तें झाड लावणाराला न्याय मिळाला पाहिजे.

शेवटच्या वर्षांत मॉरिसनें छापखाना काढून सुंदर ग्रंथ छापले. ता. ३ ऑक्टोबर १८९६ रोजीं वयाच्या ६२ व्या वर्षीं तो मरण पावला. एकट्यानें दहा माणसांचें काम केल्यामुळें तो झिजला, असें एका डॉक्टरचें मत पडलें. केल्म्स्कॉटच्या लहानशा मंदिराच्या आवारांत त्याला पुरलें. दुसऱ्याच वर्षीं, १८९७ सालीं, जर्मनींतील एका कंपनीनें कारखान्यांत बनविलेली नीळ बाजारांत आणिली, आणि शेतांतील निळीचा व्यापार झपाट्यानें खालावला. मर्टनचा कारखाना १९४० सालीं बंद पडला. कृत्रिम रंगही कालांतरानें पक्के होत गेले, व स्वस्त रंगीत कापड गरिबांच्या घरीं पोंचलें, हेंही मान्य केलें पाहिजे. परंतु रंगाच्या कारखान्यांचें पाणी नद्यांत मिसळूं लागल्यावर लोक पुन्हां हळद, मंजिष्ठ, डाळिंबाची साल व नीळ ह्यांकडे वळले, आणि मॉरिसच्या नक्षीचीं कापडें तर आजही छापलीं जातात.

विद्यार्थिमित्रहो, मॉरिस श्रीमंत होता, पदवीधर होता, कवि होता. हात न मळवितां त्याचा जन्म सुखानें गेला असता. पण जें काम दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचें तें आधीं स्वतःच्या हातांनीं शिकावें, अशी त्याची निष्ठा होती. हातांनीं काम करणाराला कमी लेखण्याची खोड आपल्या समाजांत अद्यापि गेलेली नाहीं, आणि ती घरांतूनच मुलांना लागते. म्हणून पालकांनींही ह्या चरित्राचा विचार करावा. रंगारी, कोष्टी, शिंपी ह्यांच्यापाशीं जें ज्ञान आहे तें एका पिढीनें टाकलें तर पुढच्या पिढीला तें पुस्तकांत सांपडत नाहीं. मॉरिसला तें मिळविण्यास तीन वर्षें कुंडाशीं उभें राहावें लागलें.