मांद्र्याचे भाऊ दाजी

भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड आपल्या पेडण्याचे, मांद्र्याचे. मुंबईकरांचं सोडा, आमच्या डिचोलीतसुद्धा हे फारसं कुणी सांगत नाही. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल. लहानपणीच मुंबईला गेले, एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. शिलालेख वाचले, मुलींच्या शिक्षणासाठी झटले, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं.

मला मात्र त्यांचे कुष्ठरोगी महत्त्वाचे वाटतात. ज्यांना घरचेही जवळ करत नसत, त्यांना भाऊ तपासत. संस्कृत वैद्यकग्रंथ धुंडाळून त्यांनी जुनी औषधं पारखली आणि कडू कवठाच्या बियांचं तेल वापरलं. औषध कसलं, हे मात्र त्यांनी बराच काळ गुपित ठेवलं. त्यावर टीका झाली, आणि खरं सांगायचं तर ती मला रास्त वाटते.

१८७३ मध्ये नॉर्वेत हान्सेन यांना या रोगाचा जंतू दिसला. पुढच्याच वर्षी भाऊ वारले.

जंतू सापडला तरी कोडं उरलंच. जंतू तोच, मग एकाच्या अंगावर एखादाच चट्टा आणि दुसऱ्याचं सगळं अंग का भरतं? उत्तर आपल्या रोगप्रतिकारक पेशींत होतं, पण साध्या मायक्रोस्कोपखाली त्या सगळ्या सारख्याच, गोल गोल दिसतात. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला. अँटिबॉडी ठरावीक प्रथिनालाच धरते. म्हणून आज त्वचेच्या पातळ कापावर अशा अँटिबॉडी सोडल्या, जादाच्या धुऊन टाकल्या आणि योग्य प्रकाश पाडला, की सीडी४ पेशी एका रंगात, सीडी८ दुसऱ्या रंगात उजळतात. मग कळतं: एक-दोन चट्टेवाल्याच्या त्वचेत सीडी४ जास्त आणि जंतू जवळजवळ नाहीतच, अंगभर पसरलेल्या रोगात सीडी८ जास्त, आणि जंतूंची तर रास.

भाऊंकडे दोन्ही प्रकारचे रोगी येत असणार. एकाला गुण आला आणि दुसऱ्याला नाही, तर त्यात तेलाचा वाटा किती आणि रोग्याच्या पेशींचा किती, हे ओळखायचं साधनच तेव्हा नव्हतं. तरी त्या जातीच्या झाडांचं तेल, १९४० च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत, जगभरच्या कुष्ठधामांत टोचलं जात होतं.