लक्ष्मणराव किर्लोस्कर: खाली गेलेल्या पाण्याला पुन्हा उंची देणारा उद्योजक

महाबळेश्वरला गेलात की पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारं पाणी तुम्ही नक्की बघता. कृष्णेचा उगम तिथला. उंची समुद्रसपाटीपासून जवळपास 1,300 मीटर. तीच कृष्णा सांगलीला पोचते तेव्हा उंची उरते साधारण 550 मीटर. म्हणजे प्रत्येक लिटर पाण्याने वाटेत सुमारे 750 मीटर उंची गमावलेली असते.

गंमत अशी की सांगलीकडे नदी खोल काठांमधून वाहते आणि शेतं वर असतात. पाणी डोळ्यांसमोर आहे, पण पिकाला मिळत नाही. या दहा-पंधरा मीटरच्या अडचणीवर ज्या माणसाने इथे कारखाना उभा केला, त्याची ही गोष्ट.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. रंग सुटले, रेघ राहिली. ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले.

1888 मध्ये भाऊ रामुअण्णांसोबत बेळगावात सायकलींचं दुकान सुरू झालं. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावलाच आले आणि शेतीच्या अवजारांकडे वळले.

जड चाकात काय साठतं?

सुरुवातीच्या अवजारांपैकी एक म्हणजे कडबा कापायचं यंत्र. अशा यंत्राला एक जड चाक असतं. हाताने फिरवायला सुरुवात करताना जोर लागतो, पण एकदा वेग आला की पातं कडब्यातून सहज जातं. हाताने घातलेली ऊर्जा चाकाच्या फिरण्यात साठलेली असते. हीच गतिज ऊर्जा. वस्तू जितकी जड, तितकी ही जास्त. आणि वेग दुप्पट केला तर ती चौपट होते.

मग आला लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष उतरेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिले नांगर दोन वर्षं विकलेच गेले नाहीत. लक्ष्मणराव मात्र नांगर सुधारत राहिले.

माळरानावरची वाडी

बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन त्यांनी दिली. निवडुंगाने भरलेलं माळरान होतं ते. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली, आजच्या सांगली जिल्ह्यात. कामगारांची घरं आणि कारखाना एकाच ठिकाणी.

या भागात तेव्हा पाणी चढायचं मोटेने. बैल उतरत्या धावेवरून खाली चालायचे आणि कातडी मोट वर यायची. इथे भौतिकशास्त्र बघा. बैल खाली उतरताना त्यांची स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे असलेली ऊर्जा, कमी होते. ती आणि बैलांची मेहनत मिळून पाण्याची स्थितिज ऊर्जा वाढवते. मग बैलांनी पुन्हा वर यायचं. दिवसभर हेच.

पंप म्हणजे उलटा धबधबा

1920 च्या दशकात वाडीत पंप बनू लागले. धबधब्यात पाण्याची उंची कमी होते आणि वेग वाढतो, म्हणजे स्थितिज ऊर्जेची गतिज होते. पंपात नेमकं उलट घडतं. इंजिन किंवा मोटर पंपातला पंखा फिरवते. पाणी जोरात बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि त्याला गतिज ऊर्जा मिळते. पंपाचं कवच शंखासारखं रुंद होत जातं, त्यामुळे पाण्याचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. हा दाब पाण्याला पाइपमधून वर ढकलतो. वेगाची उंची झाली.

हिशोब सोपा आहे: वस्तुमान × 9.8 × उंची. 1,000 लिटर पाणी, म्हणजे 1,000 किलो, 10 मीटर चढवायला 98,000 ज्यूल लागतात. तुमच्या फोनच्या 5,000 एमएएच बॅटरीत साधारण 69,000 ज्यूल असतात. म्हणजे फुल चार्ज फोनची सगळी ऊर्जा, थोडीही वाया न जाता वापरली, तरी हे पाणी फक्त 7 मीटर चढेल!

मग नदीने गमावलेली 750 मीटर उंची गेली कुठे? काहीच अडवलं नसतं तर पाण्याचा वेग ताशी 400 किलोमीटरच्या वर गेला असता. पण दगड, वळणं आणि पाण्याचं आपापसातलं घर्षण यांत ती ऊर्जा उष्णता होऊन विखुरते. नष्ट होत नाही, पण परतही मिळत नाही. म्हणून पाणी पुन्हा चढवायचं तर नवी ऊर्जा आणावीच लागते: बैलाची, डिझेलची किंवा विजेची.

त्यांच्यानंतर

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. तोवर पुण्यात ऑइल इंजिनचा आणि बंगळूरमध्ये विजेच्या मोटरींचा कारखाना उभा राहिला होता. पंप फिरवायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी त्याच घराण्याच्या झाल्या.

आज टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. महाबळेश्वरलाच उगम पावलेली कोयना वीज बनवायला उपयोगी पडते, आणि कृष्णेला वर चढवायला लागते तीही वीजच. उपसा योजनांच्या वीजबिलावरून वाद झालेला तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. ते बिल पाण्याचं कमी आणि उंचीचं जास्त असतं. पंप कितीही चांगला केला तरी ते शून्य होणार नाही. कमी मात्र करता येतं, आणि चांगल्या पंपाचं काम तेच.