पाऱ्याच्या थेंबाने विष मोजणारा शास्त्रज्ञ: यारोस्लाव्ह हेरोव्स्की

विहिरीच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला आणि आकडा कमी आला, की आम्ही बोर्ली पंचतनकर खूश! पण मित्रांनो, तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. शिसं, कॅडमियम त्याला वेगळं ओळखता येत नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १००० लिटरच्या टाकीत फक्त १० मिलिग्रॅम. एवढ्याने टीडीएसचा आकडा हलतही नाही. महाडचे रासायनिक कारखाने सावित्रीकाठी आहेत आणि तिची खाडी आमच्याच तालुक्याच्या टोकाला समुद्राला मिळते. त्यामुळे हा प्रश्न मला नुसता पुस्तकी वाटत नाही. असं अदृश्य विष विजेने पकडायची वाट ज्याने दाखवली, त्याची ही गोष्ट.

परीक्षेत मिळालेला विषय

हेरोव्स्कीचा जन्म २० डिसेंबर १८९० चा, प्रागमधला. वडील कायद्याचे प्राध्यापक. हा मात्र लंडनला रसायनशास्त्र शिकायला गेला. १९१४ मध्ये सुट्टीला घरी आला आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. मग लष्करी रुग्णालयात काम करत करत त्याने अभ्यास चालू ठेवला. १९१८ च्या डॉक्टरेट परीक्षेत कुचेरा नावाच्या प्राध्यापकांनी त्याला पाऱ्याच्या थेंबांवर काम करायला सुचवलं. तिथेच गाडी रुळावर आली.

आयडिया काय होती?

बारीक नळीतून पारा थेंब थेंब पडतो. प्रत्येक नवा थेंब म्हणजे नवं, स्वच्छ इलेक्ट्रोड. व्होल्टेज हळूहळू बदलत नेलं, की प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घेतो आणि करंट चढतो. कुठे चढला यावरून धातू कळतो, किती चढला यावरून प्रमाण. १० फेब्रुवारी १९२२ ला त्याने हा आलेख पहिल्यांदा टिपला. १९२४ मध्ये जपानी सहकारी शिकाता यांच्यासोबत आलेख आपोआप काढणारं यंत्र बनवलं, ते म्हणजे पोलरोग्राफ. १९५९ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २७ मार्च १९६७ ला तो गेला.

आज काय?

मूळ पद्धतीला ०.०१ मिलिग्रॅम इतकं कमी शिसं पकडणं जड जायचं. म्हणून पुढे स्ट्रिपिंग पद्धत आली. आधी काही मिनिटं धातू इलेक्ट्रोडवर जमवायचा, मग व्होल्टेज उलट दिशेने नेऊन तो एकदम सोडायचा. थेंबे थेंबे तळे साचे, तसंच! पारा स्वतःच विषारी, म्हणून २००० सालापासून बिस्मथचा पातळ थर वापरायला सुरुवात झाली. ग्लुकोमीटरच्या पट्टीसारखी छापील पट्टी आणि मोबाईलला जोडता येणारी छोटी यंत्रं संशोधकांनी बनवली आहेत.

तोवर एवढं करा: टीडीएस कमी दिसला म्हणून पाण्यात जड धातू नाहीत असं धरू नका. शंका असेल तर प्रयोगशाळेत शिसं, कॅडमियमची तपासणी नाव घेऊन मागा.